थायरॉईड नील

१४ फेब्रुवारी
आज शाळेत परत हजर. हे गेल्यानंतरचा पहिला दिवस. तिसरीची मुलं अगदी गप्प बसून होती, कुणीतरी बजावून ठेवलं असणार. मधल्या सुट्टीत सोबतच्या बाईंचे मिस्टर आले. "कशानं गेले म्हनता?" गळ्याचा कॅन्सर, म्हटलं. "खर्रा खात असतीन." नाही. "मंग गुटखा?" तोही नाही. त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांच्या स्वतःच्या गालात खर्रा होता.
थायरॉईडचा होता हे मी सांगत नाही. सांगितलं की लोक विचित्र तोंड करतात. थायरॉईड तर बायांना होतो.

१९ फेब्रुवारी
कपाट आवरलं. यांचे दुपट्टे. शेवटचं वर्षभर गळ्याला दुपट्टा बांधूनच दुकानात बसायचे, लेप दिसू नये म्हणून. हिरवट डाग पडलेत. भिजवले, घासले, वास जात नाही.
संध्याकाळी भासरे आले. धाकट्या भावाचे दुपट्टे खाटेवर पाहून म्हणाले, "यातले दोन दे मले. वावरात कामी येतीन." दिले. लेपवाल्याला भासऱ्यांनीच आणला होता, आपल्या मोटरसायकलवर मागे बसवून. आता डोक्याला तोच दुपट्टा बांधून ते रोज माझ्या दारावरून जातील.

२३ फेब्रुवारी
एकदा सगळं लिहून काढते. म्हणजे डोक्यात फिरायचं थांबेल.
दाढी करताना यांच्या हाताला गाठ लागली. गळ्याच्या घाटीच्या उजवीकडे, वाटाण्याएवढी, टणक. सासूबाई चुलीपुढे होत्या. त्यांना स्वतःला कितीतरी वर्षांपासून घेंगा आहे. पुस्तकात गलगंड म्हणतात तो. माहेर झरीकडचं, त्यांच्या आईलाही होता. यांनी त्यांना गाठ दाखवली. त्यांनी हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "एवढूशी तं हाय. माहा पाह्य केवढा हाय थो. मी मेली का?" हे हसले. मीही हसले असेन.
मी मागे लागले म्हणून मारेगावला रक्त तपासलं. लॅबवाला म्हणाला, "थायराइड नील हाय." आमच्याकडे रिपोर्ट चांगला आला की नील. डेंग्यू नील, टायफॉइड नील. भासऱ्यांनी घरोघरी सांगितलं, नील निघालं म्हणून. गाठ जिथल्या तिथं होती. तिच्याकडे परत कुणी पाहिलं नाही, कागद नील होता ना.
मग आवाज बसला. गिऱ्हाइकाला ऐकू जाईना. एका डॉक्टरांनी सांगितलं, गाठीत सुई घालून तपासा. सा.बाई म्हणाल्या, "सुई टोचली का गाठ खवयते, पसरते." त्यानंतर भासऱ्यांनी लेपवाला आणला. त्याच्या पाटीवर लिहिलेलं असायचं, बिना ऑपरेशन, बिना सुई. हे आईच्या शब्दाबाहेर कधी गेले नाहीत. घास गिळेना तेव्हा नागपूरला नेलं.
तिथल्या डॉक्टरांना विचारलं, आधी आणलं असतं तर? म्हणाले, "हा प्रकार जोरात वाढणारा. नक्की सांगता येत नाही." म्हणजे मला तेही नाही. वाचले असते असं म्हणता येत नाही, नसते वाचले असंही नाही.
सा.बाई सगळ्यांसमोर खूप रडल्या. पण "मी चुकली" असं म्हणाल्या नाहीत. मला तेवढे दोन शब्द पाहिजेत. बाकी काही नको.

४ मार्च
सा.बाई आडव्या होत नाहीत. भिंतीला उशी लावून बसून झोपतात. श्वासाला आवाज येतो, भात्यासारखा. चहा पिताना हात इतका थरथरतो की बशीत सांडतो. पोलकी ढगळ झाली आहेत. गाल बसले. घेंगा मात्र वाढला आहे, आता हनुवटी खाली घेता येत नाही.
हे सगळं मी केव्हापासून पाहते आहे. कुणाला म्हटलं नाही. स्वयंपाक करते, ताट देते, शाळेत जाते. मनात येतं, यानं कोणी मरत नाही म्हणत होत्या ना.
असं येतं मनात. खोडत नाही.

७ मार्च
भासरे सकाळी आले, बैठकीत बसले. सा.बाईंचा श्वास ऐकून म्हणाले, "माय, त्या लेपवाल्याले बलावू का? त्याच्यापाशी घेंग्याचंही हाय म्हनते."
माझ्यासमोर. मी चहाचा कप घेऊन उभी होते.
म्हटलं, तो माणूस या घराची पायरी चढणार नाही.
"मंग काय मायले असंच ठेवतं? तू पगारदार बाई, तूच ने मंग."
नेते, म्हटलं.
तोंडातून निघून गेलं. नंतर भाकरी करताना मनात आलं. कुणासाठी म्हटलं मी नेते? सासूसाठी जे म्हटलं ते नवऱ्यासाठी का म्हटलं नाही, असं भासरे विचारू शकले असते. विचारलं नाही, तेवढं डोकं चाललं नाही त्यांचं.

११ मार्च
यवतमाळ. एस.टी.नं. सा.बाईंना खिडकी दिली, वारा लागला की बरं वाटतं त्यांना. मारेगाव सुटल्यावर म्हणाल्या, "कुठीसा नेऊन राह्यली तू मले?" दवाखान्यात. "कापतीन का?" माहीत नाही.
डॉक्टर मॅडम तरुण आहेत. सा.बाईंना स्टुलावर बसवलं, मागे उभ्या राहून दोन्ही हातांनी गळा चाचपला. "आजी, थूक गिळा." गळ्यातला गोळा वर सरकला, परत खाली आला. म्हणाल्या, हा थायरॉईडच. एक गाठ नाही, बऱ्याच आहेत. बहुतेक मऊ. डावीकडची एक जरा टणक लागते. काखेत, मानेच्या कडेला पाहिलं. आवाज बदलला का, भराभर वाढला का, घरात कुणाला?
मी म्हटलं, यांच्या मुलाला.
मग मॅडमनी सगळं विचारलं. मोबाईलमध्ये यांचे कागद आहेत, दाखवले. मारेगावचा रक्ताचा रिपोर्ट पाहून म्हणाल्या, "हा नॉर्मलच आहे. रक्तावरून ग्रंथीचं काम कसं चाललंय ते कळतं. गाठीच्या आत काय आहे ते रक्त सांगत नाही. त्यासाठी सोनोग्राफी, आणि शंका असेल तर सुई." अगदी साध्या आवाजात. जणू सगळ्यांना माहीत असतं.
हे जन्मभर दुकानात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करत, बांधत. गिऱ्हाईक म्हणायचं, फिरून तं राह्यली. हे म्हणायचे, फिरते म्हणून आतून जळली नसंल असं नसते, उघडून पाहा लागते. हेच यांचं बोलणं. दिवसातून कितीदा तरी.
सुईचं नाव निघालं तसा सा.बाईंनी पदर गळ्याभोवती घेतला. "सुई नोको. खवयते थे."
मॅडम म्हणाल्या, "असं काही नसतं आजी. कुणी सांगितलं?"
सा.बाईंनी खाली पाहिलं. मला वाटलं आता म्हणतील. म्हणाल्या, "लोक म्हनते."
लोक.
सोनोग्राफीवर पाहत पाहत त्या टणक गाठीत सुई घातली. सा.बाईंनी माझं मनगट धरलं होतं. वळ उमटले. सुई निघाली तरी सोडेनात. "झालं?" झालं. "एवढंच व्हय?"
एवढंच होतं. आज समजलं, एवढंच होतं.

१९ मार्च
रिपोर्ट. सुईचा चांगला. कॅन्सर नाही. मला आनंद झाला नाही, लिहून ठेवते. बाकावर बसले आणि डोळ्यांतून पाणी आलं. शेजारची बाई म्हणाली, "चांगला आला ना रिपोर्ट? मंग रडता कायले?"
रक्ताचा मात्र बिघडलेला. मॅडम म्हणाल्या, या गाठी आपल्या मनानं काम करतात, गरजेपेक्षा फार जास्त. म्हणून हात थरथरतात, वजन उतरलं, छाती धडधडते. हृदय थकलं आहे. भूल देऊन ऑपरेशन करणं धोक्याचं. आधी गोळ्या, धडधड आटोक्यात आली की नागपूरला एक किरणोत्सारी औषध प्यायचं. ते थायरॉईडमध्येच जाऊन बसतं आणि आतून हळूहळू आकसवतं. श्वासनलिकेवरचा दाब कमी होईल. किती, ते महिन्यांनी कळेल.
म्हणजे बिना ऑपरेशन, म्हणाल्या. लेपवाल्याच्या पाटीवरचेच शब्द. मी मॅडमना म्हटलं, हे शब्द माझ्यासमोर म्हणू नका. त्यांना कळलं नाही. मग कळलं. म्हणाल्या, "ताई, कापायचं की नाही हे आत काय आहे ते पाहिल्यावर ठरवायचं असतं. तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत पाहिलंच नाही."
परतताना सा.बाई फार हिरमुसल्या होत्या. "म्हंजे मले थायराइड निंघालं?" हो. "मले कसं निंघालं? त्याचं तं नील होतं."
मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

६ एप्रिल
गोळ्यांनी फरक आहे. कप धरता येतो. दाण्याचं कूट स्वतः केलं काल. श्वास तसाच. औषधं मी शाळेत जाताना आणि आल्यावर हातावर ठेवते. त्या गोळी तोंडात टाकतात, मी पाणी देते.
भासरे नागपूरच्या औषधाला तयार नाहीत. कुणीतरी सांगितलं, त्यात करंट असतो. "करंटचं पानी पाजून मारतं का माह्या मायले?" दारातूनच. चार माणसं ऐकतील असं.
मी म्हटलं, भाऊजी, तुम्ही न्या मग दुसरीकडे. आजच न्या.
गेले. संध्याकाळपर्यंत आले नाहीत.
सा.बाई आतून म्हणाल्या, "त्याचं नोको आयकू. तू नेशीन तिथी मी येतो."
हा विश्वास मला नको होता.

२२ एप्रिल
नागपूर. ऊन असं की रस्त्यावर माणूस नाही. आमची मुलगी रश्मी वर्ध्याहून येणार होती, मीच येऊ दिलं नाही. तिच्या कडेवर लहान आहे आणि त्या औषधानंतर लहान मूल जवळ चालत नाही.
सा.बाईंना एका खोलीत नेलं, जाड दार. बाहेरून काचेतून दिसत होतं. छोट्या बाटलीत नळी घालून प्यायचं. पाण्यासारखं. प्यायल्या आणि माझ्याकडे पाहिलं. विष दिल्यासारखं नाही पाहिलं. कसं, ते सांगता येत नाही.
निघताना तिथल्या माणसानं समजावलं. काही दिवस वेगळ्या खोलीत झोपायचं, ताट-पेला वेगळा, कपडे वेगळे धुवायचे, संडासात पाणी भरपूर टाकायचं, जवळ बसायचं नाही, गरोदर बाई आणि लेकरं लांब. सा.बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजे बाह्यर बसाचं."
मी हसले. हे गेल्यानंतर पहिल्यांदा हसले आणि ते असं.

२३ एप्रिल
सा.बाईंची खाट बाहेरच्या टिनाच्या छपरीत टाकली. त्याच छपरीत. लग्न होऊन आले तेव्हापासून पाळी बंद होईपर्यंत दर महिन्याला विटाळाचे दिवस मी तिथं बसले आहे. पोत्यावर. पितळी ताट आणि काठ चेपलेला पेला, ते कुणी घरात घ्यायचं नाही. बी.ए. झालेली, शाळेत मुलांना शिकवणारी बाई, आणि घरी आल्यावर छपरीत. सा.बाई लांबून ताट सरकवायच्या. कधी पायानं.
आज मी ताट ठेवलं, हातानं, आणि मागे सरले.
"अशी दूर काहून उभी राह्यतं?"
डॉक्टरांनी सांगितलंय.
"हाव मा. ईटायच होय हा." मग, "किती दिस?"
तुम्ही मला कधी दिवस विचारू दिले नव्हते, असं म्हणायचं होतं. सांगितले किती दिवस ते.

२६ एप्रिल
छपरीत टिनाखाली फार तापतं. पंखा लावून दिला, टिनावर पाणी मारलं. कुणी म्हणू नये की सुनेनं सूड घेतला. आणि घेतला असता तर, कोणी पाहणार होतं?
दारातून बोलतात. कैरीचा तक्कू मागितला, दिला. शेजारची म्हैस व्याली का विचारलं. गळा दुखतो म्हणाल्या, थोडा सुजल्यासारखा. फोनवर मॅडमना विचारलं, सुरुवातीला होतं म्हणाल्या, श्वास जास्त लागला तर लगेच आणा.
सगळं बोलतात. म्हैस, कैरी, पाऊस कधी, भासऱ्यांच्या पोरीची सोयरीक. यांचं नाव नाही. मी तिथं दारात उंबऱ्याच्या अलीकडे बसून असते. तेवढ्यासाठीच बसते हे त्यांना कळत असेल का. कळत असेल तर मग त्या फारच…

३० एप्रिल
शेवटचा दिवस वेगळं बसण्याचा. छपरी धुतली. ते ताट आणि पेला उन्हात ठेवला. सा.बाई म्हणाल्या, "घरात घेशीन का आता ताट, का फेकशीन?"
म्हटलं, घासलं की झालं. ताट आहे ते.
मग, "तुले लय बसवलं मी इथी."
मी थांबले. वाटलं आता पुढचंही येईल. नाही आलं. उठून हळूहळू घरात गेल्या, भिंतीला धरून.
हे मागितलं नव्हतं मी. छपरीचं मी केव्हाच सोडून दिलं होतं.

१७ जून
काही दिवस लिहिलं नाही. पेरण्या सुरू. भासरे गुंतलेले, त्यामुळे घर शांत.
आज दुपारी बाजारातून आले तर सा.बाई खाली चटईवर आडव्या. उशी नाही. घाबरले. जवळ जाऊन पाहिलं तर झोपल्या होत्या, सपाट, तोंड उघडं, श्वासाला आवाज नाही. कितीतरी महिन्यांत असं नाही झोपल्या.
मी तिथंच बसले, चप्पलही काढली नव्हती. बरं वाटलं. मग राग आला. आई झोपली आहे आणि मुलगा नाही.

८ जुलै
य.माळला दाखवून आणलं. वजन वाढलं. घेंगा कमी आहे पण मोजून किती ते मॅडम दिवाळीच्या सुमारास परत सोनोग्राफी करून सांगणार. आता उलटंही होऊ शकतं, थायरॉईडचं काम कमी पडलं तर जन्मभर गोळी. रक्त तपासत राहायचं.
गावात भासरेच सांगत फिरतात, "आमच्या मायचा घेंगा बिना ऑपरेशन बसला. नागपूरले नेलतं आम्ही." आम्ही. बाजारात एकीनं मला विचारलं, औषधाचं नाव काय वो. तिच्या सुनेच्या गळ्याला आहे. म्हटलं, आधी सुनेला दाखवा, आत काय आहे ते पाहतील, मग औषध. ती म्हणाली, "तुमी सांगून नाई राह्यल्या, असं म्हना ना." आणि निघून गेली.

२१ जुलै
आज रविवार, घरी होते. सकाळपासून झिमझिम. पलीकडच्या गावचा एक माणूस आला, पस्तिशीचा असेल. शर्टचं वरचं बटण लावलेलं. भासऱ्यांनी पाठवलं म्हणाला. आवाज जाड, मधेच तुटणारा. मी आत भाजी निवडत होते, तो आवाज ऐकून हात थांबले.
सा.बाई ओसरीवर होत्या. त्यानं बटण काढून दाखवलं. "आजी, तुमचा केवढा मोठा व्हता म्हनते, अन् बिना ऑपरेशन बसला. माही तं बारीकशीच हाय. मलेही थे औषध भेटंल का?"
सा.बाईंनी बोटं लावली. बराच वेळ.
"कधीपासून आवाज असा?"
"झाले दोनेक महिने. सर्दीचा हाय."
"सुई टोचून पाह्यली?"
"नाई. सुईचं भेव वाटते. अन् तुमी तं इतक्या वर्षांच्या…"
"माह्याकडं नोको पाहू," सा.बाई म्हणाल्या. "माहा पोरगा माह्याकडंच पाहून राह्यला. मीच म्हनलं त्याले, मी मेली का म्हून. थो मेला."
ओसरीवर पागोळ्यांचा आवाज येत होता.
"उद्याच जाय यवतमाळले. सुई लावाले सांग. माही सून पत्ता देईन. वनिता, ये वो."
मी गेले नाही लगेच. पदर तोंडावर धरून चुलीपाशी उभी होते. दोन शब्द हवे होते, ते बोलल्या. मला नाही बोलल्या. रस्त्यानं आलेल्या माणसाला बोलल्या, ज्याला त्या ओळखत नाहीत, ज्याचं त्यांनी काही घालवलं नाही. मला कधी बोलतील असं आता वाटत नाही. आणि बोलल्या तर मी काय करीन हेही माहीत नाही.
बाहेर गेले. मॅडमचा पत्ता कागदावर लिहून दिला. सांगितलं, रक्ताचा रिपोर्ट नुसता घेऊन परतू नका, सोनोग्राफी आणि सुई म्हणून सांगा, आवाजाचंही सांगा. तो हो हो म्हणाला. बटण लावलं. सा.बाईंकडे पाहिलं, त्यांच्या गळ्याकडे, आणि म्हणाला, "पन तुमाले तं बरं वाटून राह्यलं ना?"
मग पावसातच निघाला. फाट्याला पोचला की डावीकडे य.माळची गाडी लागते आणि उजवीकडे त्याचं गाव. मी ओसरीच्या टोकाला जाऊन पाहत होते. पाऊस वाढला, वळणापर्यंत दिसला, पुढचं नाही दिसलं.